कारखान्याचा जाबता : प्रस्तावना

वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतींत, म्हणजे नवघर, गोखिवरे, सातिवली, वालीव आणि कामण या टापूत दाटीवाटीने उभ्या राहिलेल्या गाळ्यांत जाऊन एखाद्या कारखानदारास त्याचा धंदा कसा काय आहे असे विचारले, तर बहुतकरून 'चाललंय' एवढेच उत्तर मिळते. आणि त्या उत्तरात विनय व सावधगिरी यांचा अंश असला, तरी त्याचे मुख्य कारण असे की, याहून नेमके उत्तर काय द्यावे हे त्या बिचाऱ्यास खरोखरच ठाऊक नसते. बँकेत शिल्लक किती, हातात ऑर्डरी किती, पगाराच्या तारखेला किती रक्कम उभी करावयाची आहे, हे त्याच्या जिभेवर असते. परंतु आपल्याच रांगेतल्या चौथ्या गाळ्यात तेच यंत्र, तोच कच्चा माल आणि तेवढीच माणसे घेऊन बसलेला दुसरा गृहस्थ एका किलोमागे वीज किती जाळतो, शंभर नगांत किती नग बाद करतो, आणि त्याची उधारी किती दिवसांनी वसूल होते, हे त्याने कधी विचारलेले नसते आणि त्याला कोणी सांगितलेलेही नसते. म्हणजे आपण चांगले चालवितो की वाईट, या प्रश्नाचे उत्तर ज्या मापाने द्यावयाचे ते मापच त्याच्यापाशी नसते. प्रस्तुत ग्रंथ हे माप घडविण्याचा, तेही तपासणी-सूचीच्या म्हणजे चेकलिस्टच्या साध्या साधनाने घडविण्याचा, मराठीतील एक प्रामाणिक प्रयत्न आहे. आणि हिशेबनिशीच्या निमित्ताने या गाळ्यांतून दीर्घकाळ वावरलेल्या माझ्यासारख्या माणसास त्याची प्रस्तावना लिहिण्याची आज्ञा झाली, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

विषय नवखा वाटेल, पण त्याचे मूळ तत्त्व आमच्या जूचंद्रच्या आसपासच्या मिठागरांत वर्षानुवर्षे नांदत आलेले आहे. भरतीचे पाणी उघाडीतून आत घेतले जाते तेव्हा त्याची घनता बोमे मापावर सुमारे ३ अंश असते. बांधांनी आखलेल्या एका कोंडीतून दुसऱ्या कोंडीत उन्हाखाली फिरत फिरत ते २५ अंशांच्या आसपास पोहोचले म्हणजे मीठ धरू लागते. आणि २९-३० अंशांच्या पलीकडेही ते तसेच राहू दिले तर मॅग्नेशियमचे कडू क्षार मिठात उतरून माल बिघडतो, म्हणून उरलेले पाणी वेळेवर सोडून द्यावे लागते. या तीन आकड्यांत एक पूर्ण शास्त्र सामावलेले आहे, कारण त्यांतील प्रत्येक आकडा माणसाला आता काय करावे ते सांगतो : पाणी पुढे सरकवावे, थांबावे, की सोडून द्यावे. आणखी असे की, एकाच खाडीचे पाणी आणि एकच ऊन लाभलेल्या दोन शेजारच्या आगरांत एकाची रास मोठी आणि दुसऱ्याची लहान पडते, तेव्हा दोष सूर्याचा नसून झिरपणाऱ्या बांधाचा किंवा पायाने नीट तुडवून घट्ट न केलेल्या तळाचा आहे, हे ओळखण्यास कोणा तज्ज्ञाची गरज लागत नाही. परिस्थिती समान असली म्हणजे फरक बोलू लागतो. या ग्रंथातील सारी मांडणी अखेर याच एका सत्यावर उभी आहे, आणि पुढील विवेचनात मी पुन्हा पुन्हा त्याकडेच वळणार आहे.

आपल्या देशात यादी लावून कारभार तपासण्याची कल्पना परकीयांनी आणली असे मानण्याचे कारण नाही. म्हैसूरच्या शामशास्त्री यांना १९०५ साली सापडलेल्या आणि १९०९ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या कौटिलीय अर्थशास्त्रात, निरनिराळ्या खात्यांच्या हिशेबनिसांनी आषाढात आपली मोहोरबंद पुस्तके व शिल्लक घेऊन हजर व्हावे, जमा, खर्च व शिल्लक यांचा मेळ घालून द्यावा, आणि अपहाराचे जे चाळीस प्रकार संभवतात ते तपासनिसाने ध्यानात ठेवावेत, अशी तपशीलवार व्यवस्था आढळते. आपल्या अधिक निकटचे उदाहरण रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राचे. दुर्गांच्या प्रकरणात दारूखाना घरांच्या जवळ नसावा एवढे सांगून अमात्य थांबत नाहीत, तर ठराविक दिवसांनी हवालदाराने जातीने यावे, दारू, बाण इत्यादी जिन्नस बाहेर काढून त्यांस ऊन द्यावे आणि पुन्हा मुद्रा करून ठेवावे, असा शिरस्ता घालून देतात. काय तपासावे, कोणी तपासावे, किती दिवसांनी तपासावे आणि तपासल्याची खूण कोणती, ही चारही अंगे त्या एका कलमात आहेत. आजच्या किती तरी छापील फॉर्मांत यांपैकी दोनदेखील सापडत नाहीत, हे मी अनुभवाने सांगतो.

परंतु हे सारे जाबते राज्यासाठी होते. मराठी व्यापाऱ्याची रोजकीर्द आणि खतावणी पाहिली तर ती 'कोण कोणाचे किती देणे लागतो' या प्रश्नाचे उत्तर अत्यंत चोख देते. 'काम किती चांगले झाले' हा प्रश्न तिने स्वतःस विचारलेलाच नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कुंडलच्या माळावर कारखाना नेला, आणि १९२० पासून 'किर्लोस्कर खबर' या मासिकाने उद्योगाची भाषा मराठी घरांत आणली, ही आपल्या उद्यमशीलतेची उज्ज्वल परंपरा खरी. तथापि कारखान्याच्या कामगिरीचे तुलनात्मक मापन हा विषय मराठी ग्रंथांत पुढेही उपेक्षितच राहिला. ती उणीव प्रस्तुत ग्रंथाने ओळखली आहे.

पाश्चात्त्य देशांत या विद्येचा आरंभ विलक्षण साध्या जागी झाला. १९११ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या व्यवसायशाखेने एक संशोधन-कार्यालय स्थापन केले आणि अभ्यासासाठी पहिला विषय निवडला तो पोलादाचा किंवा रेल्वेचा नव्हे, तर पादत्राणांच्या किरकोळ दुकानांचा. दुकानदारांकडून आकडे मागविले तेव्हा असे आढळले की, कोणी दुकानाचे भाडे खर्चात धरतो तर कोणी जागा स्वतःची म्हणून धरत नाही, कोणी मालकाचा पगार लावतो तर कोणी तो नफ्यातच मिसळून टाकतो. सबब तुलना करण्यापूर्वी सर्वांसाठी एकच हिशेबपद्धती तयार करणे त्या अभ्यासकांस भाग पडले. आमच्या वसईतला कारखानदार आजही नेमका इथेच अडखळतो. वडिलांनी घेऊन ठेवलेल्या गाळ्यात बसलेला माणूस आणि दरमहा भाडे मोजणारा माणूस यांच्या नफ्याची तुलना, भाड्याची रक्कम दोघांच्याही खर्चात धरल्याखेरीज, अर्थशून्य होय. घरची बाई दिवसभर हिशेब, फोन आणि पॅकिंग सांभाळते, तिच्या श्रमाचा एक रुपयाही खर्चात पडत नाही, आणि मग तो धंदा नफ्यात आहे असे म्हटले जाते. ग्रंथकर्त्यांनी आपल्या सूचीत हा रकाना आवर्जून ठेवला आहे, याबद्दल मी त्यांचा विशेष ऋणी आहे.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेतील ड्यू पाँ या रासायनिक कंपनीत गुणोत्तरांची पद्धत परिपक्व झाली. भांडवलावर सुटणारा नफा म्हणजे विक्रीवरील नफ्याचे प्रमाण गुणिले भांडवल वर्षातून किती वेळा फिरले तो आकडा, हे तिचे मर्म. एकाला विक्रीवर शेकडा १० सुटतात पण भांडवल वर्षातून एकदाच फिरते, दुसऱ्याला शेकडा ४ सुटतात पण भांडवल तीनदा फिरते. तर पहिला स्वतःस मोठा समजत असला तरी भांडवलावर दुसरा शेकडा १२ मिळवीत पुढे गेलेला असतो. या गुणोत्तर-संप्रदायाचे सर्वांत व्यवहार्य फळ मला वाटते ते इंग्लंडात १९५९ साली स्थापन झालेल्या आंतर-उद्योग तुलना केंद्राचे. एकाच धंद्यातील अनेक कारखाने आपले आकडे विश्वासाने त्या केंद्राकडे देत, केंद्र ते नावे वगळून, केवळ सांकेतिक क्रमांकांखाली, सर्वांना परत पाठवी; प्रत्येकास आपली ओळ ठाऊक, इतरांच्या ओळी दिसत, पण कोणती कोणाची ते कळत नसे. गुप्ततेची आवश्यकता आणि तुलनेची आवश्यकता या परस्परविरोधी गरजांचा असा निरपवाद मेळ दुसऱ्या कोणत्याही पद्धतीने घातलेला माझ्या पाहण्यात नाही.

दुसरा संप्रदाय गुणवत्तेचा. जपानात १९५१ पासून डेमिंग यांच्या नावाने पारितोषिक दिले जाऊ लागले, आणि काओरू इशिकावा यांनी कामगारांच्या हाती जी साधी साधने दिली, त्यांत दोष घडताच खूण करण्याचा तपासणी-तक्ता हे एक प्रमुख साधन होते. पैशाच्या आकड्यांत दोष महिन्याने दिसतो, तक्त्यावर तो त्याच पाळीत दिसतो, हा या संप्रदायाचा गुणोत्तरवाद्यांवरील आक्षेप; आणि तो योग्यच आहे. तिसरा संप्रदाय, ज्याला 'बेंचमार्किंग' हे नाव रूढ झाले, तो झेरॉक्स कंपनीच्या संकटातून जन्मला. जपानी छायाप्रती-यंत्रे झेरॉक्सच्या स्वतःच्या उत्पादनखर्चाच्या आसपासच्या किमतीत विकली जात आहेत असे दिसताच १९७९ पासून त्या कंपनीने स्वतःची प्रतिस्पर्ध्यांशी अंगोपांग तुलना आरंभिली. पुढे गोदामातून माल काढण्याच्या कामासाठी तिने एल. एल. बीन या टपालाने कपडे व पादत्राणे विकणाऱ्या दुकानाकडे पाहिले, कारण ते एक काम ते लोक अधिक चांगले करीत. धंदा वेगळा असला तरी काम सारखे असू शकते, हा या संप्रदायाचा खरा शोध, आणि रॉबर्ट कॅम्प यांनी १९८९ च्या आपल्या ग्रंथात तो व्यवस्थित मांडला. त्याच दशकात अमेरिकेत माल्कम बाल्ड्रिज पुरस्काराचा १००० गुणांचा आराखडा आला, १९९२ साली कॅप्लन आणि नॉर्टन यांनी पैसा, ग्राहक, अंतर्गत काम आणि शिकणे या चार बाजूंनी उद्योगाकडे पाहण्याची समतोल मांडणी केली, आणि आपल्याकडेही मुंबईच्या इंडियन मर्चंट्स चेंबरने रामकृष्ण बजाज यांच्या नावे गुणवत्ता पुरस्कार सुरू केला. हे आराखडे मोठ्या कंपन्यांस उपकारक ठरले यात संशय नाही. पण पंधरा माणसांच्या कारखान्यास ते जसेच्या तसे लावणे म्हणजे त्याच्या मालकास वर्षभर फॉर्म भरत बसविणे होय, हे ग्रंथकर्त्यांचे मत मला पूर्णतः मान्य आहे.

आता सूचीकडे वळतो. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत डेटनजवळ बोइंगचे नवे बॉम्बफेकी विमान उड्डाण करताच कोसळले. विमान निर्दोष होते, वैमानिक कसलेला होता, परंतु सुकाणूंस जखडून ठेवणारी खीळ सोडावयाची राहून गेली होती. विमानाची गुंतागुंत मानवी स्मरणशक्तीच्या पलीकडे गेली आहे हे ओळखून वैमानिकांनी उड्डाणापूर्वीची एक आखूड यादी तयार केली, आणि पुढे तेच विमान हजारोंच्या संख्येने उडाले. ही कल्पना वैद्यकात आणण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे ते शल्यचिकित्सक अतुल गावंडे हे यवतमाळ जिल्ह्याच्या उमरखेड तालुक्यातील उटी गावच्या कुळातले, अमेरिकेत वाढलेले. जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्यांच्या नेतृत्वाखाली २००८ साली सिद्ध झालेल्या शस्त्रक्रिया-सूचीत अवघी १९ कलमे आहेत. जगातील आठ रुग्णालयांत, ज्यांत एक दिल्लीचे होते, तिचा प्रयोग झाला तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण शेकडा १.५ वरून ०.८ वर आले. परंतु याच कथेचा उत्तरार्ध जिज्ञासूंनी विसरता कामा नये : कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात ही सूची सर्व रुग्णालयांस सक्तीची झाली, आणि २०१४ साली तेथील १०१ रुग्णालयांचा जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात मृत्यूंच्या प्रमाणात लक्षणीय घट दिसली नाही. सूची तीच, कलमे तीच. वरून हुकूम आला म्हणून खुणा केल्या गेल्या की, ज्यांनी कलमांवर थांबून एकमेकांशी बोलावयाचे ते बोलत नाहीत, असा या विसंगतीचा एक अर्थ लावला जातो, आणि माझ्या अनुभवाशी तो जुळतो.

येथे एक भेद नीट ध्यानात घ्यावयास हवा, कारण त्याच्या घोटाळ्यातून या क्षेत्रातील अर्धी निराशा उत्पन्न होते. वैमानिकाची सूची 'केले की नाही' एवढेच विचारते. तिचे उत्तर होय किंवा नाही. कामगिरी मापणारी सूची 'किती, आणि कशाच्या तुलनेत' असे विचारते. तिचे उत्तर दोन आकड्यांत असते, एक आपला आणि एक प्रमाणाचा. यंत्राला तेल घातले का, हा पहिल्या जातीचा प्रश्न. यंत्र महिन्यात किती तास बंद राहिले आणि तशाच यंत्राचे इतरत्र किती तास जातात, हा दुसऱ्या जातीचा. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक छापील याद्या पहिल्या जातीच्या प्रश्नांवर दुसऱ्या जातीचे गुण देतात, आणि मग 'गुणवत्ता-धोरण भिंतीवर लावले आहे' या कलमास पाच गुण मिळवून कारखाना उत्तम ठरतो, मात्र त्याचा माल परत येतच राहतो.

समान गोष्टींची समान मापाने तुलना कशी करावी, याचे सर्वांत समृद्ध उदाहरण पाहण्यासाठी महाराष्ट्राबाहेर जाण्याचे कारण नाही. ते आपल्या सहकारी साखर कारखान्यांत आहे. प्रवरानगरच्या कारखान्यापासून गेली सात दशके हे कारखाने गाळप, उतारा, बंद राहिलेले तास, वाफेचा व विजेचा वापर, बगॅसमध्ये वाया गेलेली साखर, असे आकडे एकाच नमुन्यात नोंदवीत आले. १९७५ साली स्थापन झालेली मांजरीची संस्था, जी आज वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाते, त्यांची छाननी करून दरसाल तांत्रिक कार्यक्षमतेचे आणि आर्थिक व्यवस्थापनाचे पुरस्कार देते. सामान्य माणूस कारखान्याची परीक्षा उताऱ्यावरून करतो. परंतु कोल्हापूर-सांगलीचा उतारा १२ टक्क्यांच्या घरात आणि मराठवाड्याचा त्याहून कमी, यात गिरणीचे कर्तृत्व कमी आणि जमीन, पाणी, उसाची जात यांचे जास्त. म्हणून तंत्रज्ञ गिरणीची परीक्षा उताऱ्यावर करीत नाहीत. उसातील चोथ्याचे प्रमाण सर्वत्र १२.५ टक्के आहे असे गृहीत धरून, त्या समान पायावर आणलेला रसनिष्कर्ष ते ताडून पाहतात, म्हणजे जो फरक उरतो तो गिरणीचाच फरक असतो. नोएल डीअर यांच्या नावाने ओळखला जाणारा हा हिशेब साखरेपुरता आहे, पण त्यामागील न्यायबुद्धी सर्व उद्योगांस लागू आहे. जी गोष्ट कारखानदाराच्या हातची नाही तिचा भार त्याच्या मापातून काढून टाकावा, आणि मग उरलेल्याचा जाब त्याला निर्भीडपणे विचारावा. ग्रंथाच्या मध्यावर ग्रंथकर्त्यांनी हेच तत्त्व प्लॅस्टिक मोल्डिंग, पत्र्याचे प्रेसकाम आणि छपाई या वसईच्या तीन धंद्यांस लावून दाखविले आहे, आणि माझ्या मते ग्रंथाचा प्राण तेथे आहे.

प्रेसकामाचे उदाहरण थोडे जवळून पाहू. सूचीतील एक कलम एवढेच विचारते की, महिन्यात पत्रा किती किलो आला, तयार माल किती किलो गेला, भंगार किती किलो विकले, आणि तिन्हींचा ताळा बसतो का. समजा १०० किलो पत्र्यामागे ६८ किलो माल आणि २८ किलो भंगार निघाले; राहिलेले ४ किलो कोठे गेले याचे उत्तर जागेवर मिळत नाही. कोणी म्हणतो काट्याचा दोष, कोणी म्हणतो बाद नग कोपऱ्यात पडून आहेत. पण उत्तर शोधावयास माणसे उठतात, कोपरा झाडला जातो, काटा तपासला जातो, आणि पुढच्या महिन्यात तो आकडा बहुधा खाली येतो. त्याच पानावर पुढचे कलम आहे : डाय बदलावयास किती मिनिटे लागली. आणि त्याच्या खालचे : पॉवर प्रेसला गार्ड आहे का, दोन्ही हातांनी दाबल्यावाचून प्रेस चालत नाही ना. या कलमास ग्रंथकर्त्यांनी गुण ठेवलेले नाहीत. गार्ड नसेल तर उरलेली सूची भरूच नये, असे स्पष्ट लिहिले आहे. यंत्राच्या धोक्याच्या भागांस कुंपण असावे असे १९४८ च्या कारखाना अधिनियमाने सांगून ठेवले असताही, या टापूत बोट गमावलेला कामगार शोधावयास लांब जावे लागत नाही. ज्या मापात माणसाचे बोट मोजले जात नाही ते माप कितीही शास्त्रशुद्ध असो, त्याचा मला उपयोग वाटत नाही, आणि ग्रंथकर्त्यांस तो वाटला नाही याचे समाधान आहे.

आजच हा ग्रंथ का हवा, असा प्रश्न कोणी करील. केंद्र शासनाने लहान उद्योगांसाठी २०१६ साली सुरू केलेली आणि २०२२ साली नव्याने बांधलेली 'झेड' ही प्रमाणपत्र-योजना मुळात एक तपासणी-सूचीच आहे. कांस्य पायरीस ५ निकष, रौप्य पायरीस १४, सुवर्ण पायरीस २०. मोठे खरेदीदार माल घेण्यापूर्वी स्वतःची यादी घेऊन तपासनीस धाडतात. वस्तू व सेवा करामुळे जुलै २०१७ पासून खरेदी-विक्रीचे आकडे दरमहा तयार होतात. जो मजकूर पूर्वी कारखानदाराच्या खिशातील चिठ्ठ्यांत असे, तो आता संगणकावर आहे, केवळ त्याचा अर्थ लावणारा कोणी नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग अधिनियमाने सूक्ष्म व लघु पुरवठादारास कराराप्रमाणे, पण ४५ दिवसांच्या आत पैसे मिळाले पाहिजेत असे ठरविले आहे. आता वार्षिक विक्री ६० लाख आणि येणे १५ लाख असलेल्या कारखानदाराने हिशेब केला, तर त्याची उधारी ९१ दिवसांची निघते, म्हणजे कायद्याने दिलेल्या मुदतीच्या दुप्पट. आणि बँकेकडून घेतलेल्या कर्जाचे व्याज तो वस्तुतः आपल्या गिऱ्हाइकाच्या वतीने भरीत असतो. हा एक भागाकार ज्याने कधी केला नाही त्याला आपल्या तंगीचे कारण कळत नाही, तो विक्री वाढवितो, आणि विक्रीबरोबर तंगीही वाढते. त्यातच आमच्या पालघर जिल्ह्यात वाढवण बंदराचे भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाले. त्या प्रकल्पास किनाऱ्यावरील मच्छीमारांचा तीव्र विरोध आहे आणि त्या विरोधामागील चिंता खरी आहे. पण बंदर झाले तर त्याच्या पाठोपाठ येणारे मोठे कंत्राटदार वसईच्या लहान कारखानदारास पहिल्याच भेटीत त्याचे आकडे विचारतील, हे निश्चित.

या विद्येवरील एक गंभीर आक्षेप मात्र झाकून ठेवू नये. माप हेच ध्येय झाले की ते माप म्हणून निकामी होते, हा विचार अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावाने प्रसिद्ध आहे. बाद नगांचे प्रमाण कमी दाखविण्यावर सुपरवायझरचे बक्षीस अवलंबून ठेवले, तर नग बाद होणे थांबत नाही, नोंद होणे थांबते. ग्रंथकर्त्यांचा यावरील उपाय असा की, सूचीचे आकडे आणि पगार-बक्षिसे यांचा संबंध निदान पहिली दोन वर्षे जोडूच नये. हा उपाय पुरेसा आहे असे मला वाटत नाही. जेथे मालकाचा स्वभावच शिक्षेचा आहे तेथे बक्षीस नसले तरी भय असते, आणि भीतीने भरलेली सूची रिकाम्या सूचीहून वाईट. पण यापलीकडचा उपाय कोणत्याही ग्रंथात असू शकत नाही. तसेच, मोजता येत नाही ते क्षुद्र, असा ग्रह वाचकांनी करून घेऊ नये. आमचे जूचंद्र रांगोळीसाठी प्रसिद्ध आहे. तेथल्या कलावंताने जमिनीवर काढलेल्या मुद्रेतील डोळ्यांचे तेज कोणत्या रकान्यात मांडणार? त्या कलावंतास सजावटीचे काम मिळाले, तर रंगाचा खर्च, लागलेले तास आणि मिळालेले मोल यांची नोंद त्याने अवश्य ठेवावी. सूचीचा अधिकार तेथवरच.

ग्रंथाच्या उद्देशाविषयी आता थोडे. जगातील सर्वोत्कृष्ट कारखान्याशी वसईच्या गाळ्याची तुलना करून त्याला लाजविणे, हा मार्ग ग्रंथकर्त्यांनी सोडून दिला आहे. त्यांची सूचना अशी की, एकाच धंद्यातील दहा-बारा कारखान्यांनी मिळून एक मंडळ करावे, एकच सूची, एकाच व्याख्यांनिशी, तिमाहीस एकदा भरावी, सर्वांच्या विश्वासातल्या एका हिशेबनिसाकडे ती द्यावी, आणि त्याने इंग्लंडातल्या त्या केंद्राप्रमाणे नावे वगळून सर्वांच्या ओळी सर्वांस परत कराव्यात. शेजारी शेजाऱ्यास आकडे दाखवील काय, ही शंका मीही बोलून दाखविली होती. त्यावर ग्रंथकर्त्यांनी उत्तर दिले की, गिऱ्हाइकांची नावे आणि दर कोणी मागत नाही. विजेची युनिटे, बंद तास, भंगार आणि उधारीचे दिवस यांत लपविण्यासारखे काही नसते, लाजण्यासारखे मात्र असू शकते, आणि नाव नसले की लाजही राहत नाही. ग्रंथकर्त्यांनी स्वतः याच टापूत कारखाना चालविलेला असल्यामुळे त्यांच्या या म्हणण्यास वजन आहे.

भाषेविषयी त्यांनी घेतलेली काळजीही नमूद करण्यासारखी आहे. रिजेक्शन, सेटिंग, डाय, शिफ्ट हे शब्द कामगारांच्या तोंडी आहेत तसेच ठेवले आहेत. जेथे मराठीत ताळा, तेरीज, गोषवारा, येणे-देणे असे खणखणीत शब्द तयार आहेत तेथे ते वापरले आहेत. सूची मालकाने कचेरीत बसून भरावयाची नसून यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसाबरोबर भरावयाची आहे, म्हणून ती त्या माणसास वाचता आली पाहिजे, हा त्यामागील हेतू.

वाचकांस माझी एकच विनंती आहे. ग्रंथ आरंभापासून शेवटपर्यंत वाचून मग कामास लागण्याचा बेत करू नये. परिशिष्टात जे कोरे तक्ते दिले आहेत त्यांतील पहिला, विजेचा, प्रथम भरावा. गेल्या बारा महिन्यांची बिले बहुतेकांच्या फायलीत असतातच. एकूण युनिटांस त्या त्या महिन्यात बनविलेल्या मालाच्या वजनाने भागावे, बारा आकडे एकाखाली एक लिहावेत, आणि त्यांतील सर्वांत चांगला महिना व सर्वांत वाईट महिना यांत काय फरक होता ते आपल्या सुपरवायझरला विचारावे. इतरांचे आकडे हाती येईपर्यंत आपलाच उत्तम महिना आपले प्रमाण. ज्यांनी हे तक्ते भरले असतील त्यांनी, नाव न लिहिता, ते ग्रंथकर्त्यांकडे पाठवावेत. दुसऱ्या आवृत्तीत प्रमाणाच्या रकान्यात जे आकडे छापावयाचे आहेत ते त्यांतूनच यावयाचे आहेत, आणि या आवृत्तीत तो रकाना म्हणूनच रिकामा ठेवलेला आहे.

जूचंद्र